निंबाजीचा केरओढ्या

एका गावात एक भोळा लोहार होता. नाव निंबाजी. हात सोन्याचे, पण डोकं सांगाल तेवढंच चालायचं.

त्याची बायको सारजा केर काढताना धुळीनं शिंकून शिंकून बेजार व्हायची. एकदा ती म्हणाली, "अहो, झाडूला हात न लावता केर जाईल असं काहीतरी करा."

निंबाजीनं भात्याला लांब नळी जोडली आणि घरभर वारा घातला. केर गेला. शेजारणीच्या आमटीत गेला.

"फुंकायचं नाही हो," सारजा म्हणाली. "आत ओढायचं."

"बरं."

त्यानं भात्याची झडप उलटी बसवली, मागं पोतं बांधलं. घर लख्ख झालं. सारजा दिवसभर शिंकली नाही. निंबाजीनं दारावर पाटी लावली, 'केरओढ्याचा कारखाना'.

संध्याकाळी सारजा म्हणाली, "चूल विझतेय, जरा बघा."

फुंकायचं नाही, हे निंबाजीच्या पक्कं ध्यानात होतं. त्यानं निखारे आत ओढले. चूल विझली, पोतं पेटलं.

"अहो, ओढण्याआधी पाणी तरी मारायचं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्या अंजनामावशींचं पीठ सांडलं. निंबाजी केरओढ्या घेऊन धावला. आधी बादलीभर पाणी मारलं, मग ओढलं. पोतंभर कणीक घेऊन घरी आला.

सारजानं कपाळाला हात लावला. "कोरडंच ओढायचं. आणि मावशींचं पीठ घरी कशाला आणलंत? ज्याचं त्याला परत द्यावं."

"बरं."

पुढं पाटलांच्या लेकीचं लग्न निघालं. पाटील म्हणाले, "निंबाजी, घर झाडून दे. पसंत पडलं तर गावात घरोघरी तुझंच यंत्र."

निंबाजीनं माळा ओढला, कोनाडे ओढले, सतरंज्या ओढल्या. सगळं कोरडं. पोतं गाभण म्हशीसारखं फुगलं. पांढऱ्याशुभ्र धोतरांतली वऱ्हाडाची मंडळी येऊन बसली. वरबापानं सतरंजीवर बोट फिरवलं. धुळीचा कण नाही.

"कारखाना वाढव रे बाबा," पाटील म्हणाले. मदतीला आलेल्या सारजाचे डोळे भरून आले.

निघताना निंबाजीची नजर पोत्यावर गेली. तो थबकला. झडप सुलटी केली, नळी दारातून आत घातली आणि सगळा जोर लावून भाता दाबला.

बऱ्याच वेळानं माणसं दिसू लागली. नवरा कोणता आणि भटजी कोणते, काही कळेना.

निंबाजीनं नम्रपणे हात जोडले. "पाटील, चिमूटभरही ठेवून घेतलं नाही. हवं तर चाळून पाहा."