गंधाराचा साक्षीदार

“उद्या सकाळी साक्षीदार आणा, नाहीतर तुमचे सगळे तंबोरे हमामखान्याच्या चुलीत!” एवढं बोलून सोनवड्याचे राजे सुभानराव उठून गेले. दरबारी गवई त्र्यंबकबुवा मात्र जागचे उठले नाहीत.

भांडण सारं एका गंधारावरून. सा, रे, ग मधला तो ग. कुणा परदेशी व्यापाऱ्यानं महाराजांना बाजाची पेटी भेट दिली होती. ती त्यांना इतकी आवडली की राज्यात पेटीचा सूर तोच खरा सूर, असा हुकूम निघाला. देवळातल्या सनईवाल्यानं भोकांना मेण लावून जुळवून घेतलं. दिवाणजी तर शिंकतानासुद्धा आधी पेटीकडे बघून घेत. अडले ते एकटे बुवा. पेटीचा गंधार त्यांना केसभर चढा वाटे, आणि त्यांचा गंधार महाराजांना केसभर उतरलेला.

बुवांनी हात जोडून सांगून पाहिलं होतं, “सरकार, सप्तकात श्रुती बावीस आणि पेटीत घरं बारा. उरलेल्या दहाजणींनी जायचं कुठं?”

“धर्मशाळेत,” महाराज म्हणाले.

आणि वर अट घातली. बुवांचा गंधार खरा असेल तर तसं सांगणारा साक्षीदार हवा. तो माणूस नको, माणसं फितूर होतात. गाणं शिकलेला नको. बुवांनी नाहीतर त्यांच्या शिष्यांनी गायला लावलेला तर मुळीच नको. आणि साक्ष भर दरबारात, महाराजांच्या कानांदेखत.

नेमकी त्याच दुपारी रावजी माळ्याची लेक गोजरा भोपळ्यांची गाडी घेऊन राजवाड्याच्या मागल्या दाराशी आली. हे भोपळे भाजीचे नव्हेत, तंबोऱ्याचे. चांगले घागरीएवढे आणि कडूजहर. एका अंगावर पडून चपटे होऊ नयेत म्हणून बापलेकींनी प्रत्येकाखाली गवताची चुंबळ ठेवून ते वाढवलेले. कोठीवाल्यानं गाडी बाहेरच थांबवली. म्हणाला, आता तंबोरेच राहणार नाहीत तर भोपळे कशाला? तुमच्या मळ्यात यापुढं कारली लावायची, असा दिवाणजींचा निरोप आहे.

गोजरा मुळात भित्री पोर. बैल फुरफुरला तरी छातीला हात लावायची. ती तशीच धडधडत बुवांना शोधत गेली. बुवा पायरीवर डोकं धरून बसले होते. शिष्य कोकीळ पकडायला आंब्यावर चढले होते, आणि कोकीळ केव्हाच उडून गेली होती.

बुवांनी तिला अटी सांगितल्या. ऐकता ऐकता गोजराचे डोळे मोठे झाले.

“अहो बुवा, हा तर मला भेटलाय. जीवच घेतला होता मेल्यानं माझा!”

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. गोजरानं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

“साक्षीदार कुठाय, पोरी?” महाराजांनी विचारलं.

“येईल की सरकार. पण त्याला आपणच बोलवायचं. बुवांनी हात लावायचा नाही आणि मीही नाही.”

तिनं महाराजांपुढं एक तंबोरा ठेवायला सांगितला. दिवाणजी लगेच पुढं सरसावले. म्हणाले, बुवांनी यातच गंधार लावून ठेवला असणार! तेव्हा गोजरानं विनवलं की सरकारांनी स्वतःच एकेक तार आपल्या पेटीवर तपासावी. पहिली तार निघाली पंचमाची, मधल्या जोडतारा षड्जाच्या, शेवटची खालच्या षड्जाची. सगळ्या पेटीशी जुळल्या. गंधाराची एकही नाही. दिवाणजींनी तंबोरा उलटा करूनसुद्धा पाहिला.

“आता एकामागून एक छेडत राहा, सरकार. थांबू नका.”

महाराज छेडू लागले. आधी नुसता गुंजारव. मग तो भरत गेला, दाटत गेला, आणि महाराजांच्या भुवया वर चढल्या.

“कोण गातंय?”

कुणीच गात नव्हतं. बुवांनी तर शालीचं टोक तोंडात कोंबलं होतं. महाराजांनी वाकून तंबोऱ्याच्या मागं पाहिलं. भोपळ्यावर टिचकी मारली.

“पहिल्यांदा तंबोरा ऐकला तेव्हा मीपण तिथंच बघितलं होतं,” गोजरा म्हणाली. “आमच्या भोपळ्यात भूत शिरलं म्हणून पार ओढ्यापर्यंत पळाले होते.”

खालच्या षड्जाच्या झंकारातून तो आपला आपण वर येत होता. स्वच्छ गंधार. महाराजांनी बुवांना गायची खूण केली. बुवांनी शाल सोडली आणि आपला ग लावला. तो असा मिसळला की बुवांचं तोंड उघडं दिसत होतं, पण आवाज वेगळा निघेना. मग दिवाणजींनी पेटीचा ग दाबला, आणि वँऽव वँऽव असा सूर हेलकावू लागला. एका चुलीशी दोन जावा उभ्या राहिल्यासारखा! गोजरा दचकून मागं सरली.

पण हार मानतील तर ते सुभानराव कसले?

“साक्षीदार फितूर आहे,” ते म्हणाले. “कुणीतरी याला पढवलंय.”

सगळ्या दरबारानं माना डोलावल्या. गोजराला दाराबाहेरचे भोपळे आठवले, मग कारली आठवली.

“पढवलं असेल, सरकार,” ती हळूच म्हणाली. “पण तारा पारखल्या आपल्या पेटीनं, आणि छेडल्या आपण. त्याला फितवलं असेल तर आपल्याच बोटांनी.”

मान कुठल्या बाजूला हलवावी हे दिवाणजींनाही कळेना. महाराजांनी आपलं बोट डोळ्यांसमोर धरलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. आणि असे खदखदून हसले की खांद्याला टेकलेला तंबोराही गुणगुणू लागला.

“दिवाणजी, आमचं बोटच फितूर निघालं! आता चुलीत कुणाला घालू?”

गाडी तिथल्या तिथं उतरवून घेतली गेली. रावजीचा मळा भोपळ्यांसाठी कायमचा इनाम झाला, गोजराला महाराजांच्या हातातलं सोन्याचं कडं मिळालं, आणि कारल्याचं बियाणं दिवाणजींच्या परसात रवाना झालं. कडं दंडावर सरकवून गोजरा दारातून वळली, तेव्हा महाराज आजूबाजूला कुणी बघत नाही अशी खात्री करून पुन्हा एकदा तंबोऱ्याच्या मागं डोकावत होते.