बाभळीपेक्षा कठीण दातवण

"रक्त! पुन्हा रक्त!" बोरगडचे राजे रणधीर चूळ थुंकून ओरडले. "त्या धोंडजीला पकडून आणा!"

धोंडजी राजवाड्याला रोज दातवणाच्या काड्या पुरवायचा. राजांना अंगठ्याएवढी जाड, बाभळीची काडीच लागायची. तलवार घासावी तसे ते दात घासायचे आणि रोज हिरड्यांतून रक्त काढायचे. वैद्यांनी एकदा मऊ काडी सुचवली, तर राजांनी त्यांनाच दरबाराबाहेर काढलं होतं. "मऊ काडी म्हाताऱ्यांना! मी राजा आहे!"

धोंडजी हात जोडून समोर आला.

"उद्या सकाळी मला बाभळीपेक्षा कठीण दातवण हवं," राजे गरजले. "आणि रक्ताचा एक थेंबही येता कामा नये! नाहीतर वर्षभर तबेल्यात लीद काढायची!"

धोंडजी घरी येऊन डोकं धरून बसला. "कठीण काडी आणावी तर रक्त येणार. मऊ आणावी तर हुकूम मोडणार. गोजरा, मेलो गं!"

त्याची मुलगी गोजरा भाकरी थापत होती. "बाबा, राजे म्हणाले काय? नेमका शब्द सांगा."

"कठीण! बाभळीपेक्षा कठीण!"

"मग जेवून घ्या," गोजरा म्हणाली. "उद्या मी जाते."

सकाळी ती दरबारात उभी राहिली. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काड्या होत्या.

"महाराज, आधी आ करा."

दिवाणजी पुटपुटले, "काय पोरगी आहे!"

"घोडा घेताना दात बघतात, मग दातवण देताना नको बघायला?"

राजांनी चक्क आ केला. गोजरानं वाकून, मान तिरकी करून पाहिलं.

"दात वाघाचे आहेत, महाराज. हिरड्या मात्र सशाच्या!"

दिवाणजींना खोकला आला. तो खोकला नव्हता.

"बडबड पुरे! दातवण कुठाय?"

गोजरानं फडकं सोडलं. आत कडुनिंबाच्या कोवळ्या, करंगळीएवढ्या काड्या होत्या. टोकं दगडानं ठेचून कुंचल्यासारखी केलेली. राजांनी एक उचलली. ती लगेच वाकली.

"हे कठीण? असलं तर माझा घोडा चारा म्हणून खातो!"

"बाभळीपेक्षा कठीण आहे, महाराज. करूनच बघा. काडी फक्त दोन बोटांत धरायची. दिवाणजी शंभर मोजतील तोवर हळूहळू घासायचं. काडी मोडली की पुन्हा पहिल्यापासून!"

"एवढंच?" राजे हसले, बाह्या सरसावल्या आणि घासायला लागले.

"एक, दोन, तीन..."

कट्! काडी मोडली.

"दुसरी घ्या," गोजरा शांतपणे म्हणाली.

दुसरी अकराव्या आकड्याला मोडली. तिसरी एकोणतीसला. राजांचं कपाळ घामानं डबडबलं.

"अहो, दात आहेत ते, किल्ल्याचा दरवाजा नाही!" गोजरा म्हणाली. "पीस फिरवल्यासारखं. हां... आता आतल्या बाजूनं. घाई नको."

चौथ्या वेळी राजांनी श्वास रोखून धरला. फक्त मिशा हलत होत्या. अख्खा दरबार मनातल्या मनात मोजत होता.

"अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, शंभर!"

राजांनी चांदीच्या तस्तात चूळ टाकली. सगळे वाकून बघायला लागले. पाणी स्वच्छ होतं!

राजे मटकन सिंहासनावर बसले. "बाप रे! दोन लढाया केल्या, पण इतकं कठीण काम जन्मात केलं नव्हतं!"

"बाभळीपेक्षा कठीण?" गोजरानं विचारलं.

"बाभूळ काय! ती कुणीही—"

राजे थांबले. त्यांनी गोजराकडे पाहिलं, मग हातातल्या काडीकडे, मग तस्ताकडे.

"महाराज, हे तुम्हीच म्हणालात," गोजरा म्हणाली. "मी तर फक्त काडी आणली!"

राजे असे हसले, असे हसले, की त्यांचे सगळे दात दरबाराला दिसले. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून गोजराला दिलं, धोंडजीला भरजरी पागोटं पाठवलं आणि तिथल्या तिथे हुकूम सोडला, "आजपासून राजवाड्यात कुणाला कुठलं दातवण, हे ही पोरगी ठरवेल. आईसाहेबांपासून पहारेकऱ्यापर्यंत. प्रत्येकाचं तोंड बघून!"

दिवाणजी हळूच दाराकडे सरकू लागले.

"कुठं निघालात, दिवाणजी?" गोजरानं फडकं झटकलं. "आता तुमची पाळी. आ करा!"