भिवा शिंप्याचं बुटकं दार

एका पेठेत भिवा शिंपी, त्याची बायको साळू नि उपवर लेक गोदी भाड्याने राहायचे. दार इतकं बुटकं, की गोदीला बघायला आलेल्या दोन पाहुण्यांनी चौकटीवर डोकं आपटलं नि अपशकुन म्हणत ते उंबऱ्यातूनच परतले.

साळूने घरमालकाला गाठलं. आबासाहेब कुणापुढे मान न वाकवणारे. म्हणाले, "दार बुटकं नाही, तुमचे पाहुणे उंच!"

"राहू दे मग. तुम्हीही दर सोमवारी भाडं घ्यायला वाकूनच आत येता, समोर आमचे हे मशीनवर बसलेले. पेठ म्हणते, आबासाहेब देवापुढे वाकत नाहीत, पण भिवाला नमस्कार चुकवत नाहीत!"

आबासाहेब लाल झाले, मग पोट धरून हसले. "उद्याच सुतार धाडतो, बाई!"

तिसरा पाहुणा ताठ मानेने आत आला, नि गोदीने हिरवा चुडा भरला. सासरी निघताना ती आबासाहेबांच्या पाया पडली. त्या घरात वाकणं उरलं ते तेवढंच.