अंबूबाईंचे पाय

भाविकहो, त्या वर्षी सोपानगिरी महाराजांचा मुक्काम बोरखेडीच्या मारुतीच्या देवळात होता. त्याच गावात सगुणा नावाची एक सून होती. तिच्या सासूला, अंबूबाईंना, म्हातारचळ लागला होता. पोटची पोरंही त्यांना ओळखू येत नसत. सासरे तात्या खाटेवर पडून, नवरा दिवसभर शेतात. दोघा म्हाताऱ्यांचं करून करून बाई पार पिचून गेली होती.

त्यात नवं संकट उभं राहिलं. सकाळी उठवायला गेलं की अंबूबाई किंचाळायच्या, चावायच्या, लाथा झाडायच्या. सगुणा म्हणे, "बसल्या असतात तेव्हा गुमान असतात. उभं केलं की ओरडतात. काहीतरी सलतंय त्यांना."

मोठे दीर गणपतराव वेगळे राहायचे. आईला तांब्याभर पाणी द्यायचे नाहीत, पण अक्कल पाजळायला पहिले! ते हसले. "सलत असतं तर तोंडानं सांगितलं नसतं? भूत आहे ते. उद्या भगताला आणतो. कपाळावर तापल्या सळईचा डाग दिला की पळेल."

"डाग? या वयात?" सगुणा पुढं सरसावली.

"तू गप! तुझ्याच हातचा मार खाऊन ओरडत असेल, कुणी सांगावं?"

कसं बोलवतं हो माणसाला असं! सगुणा उठून तात्यांना पाणी द्यायला गेली. भांडायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

दुसऱ्या दिवशी भगतानं चुलीत सळई घातली, तशी ती धावत देवळात गेली आणि महाराजांच्या पायांवर कोसळली. "महाराज, मला पुण्य नको, मोक्ष नको. एवढी सळई थांबवा."

महाराज लगेच उठले. सगुणाच्या घरी ओसरीवर येऊन अंबूबाईंसमोर खाली बसले. "माई, चला, पाय धुवू."

"घ्या! आता साधू वेडीचे पाय धुणार!" गणपतराव फिसकन हसले.

दर शुक्रवारी सगुणा त्या पायांना हळद लावायची. सवाशिणीचे पाय कोरडे ठेवू नयेत ना! पण लाथेच्या भीतीनं जुन्या हळदीवरच नवी थापायची आणि बाजूला व्हायची. महाराजांनी कोमट पाण्यानं ती पुटं हळूहळू सोडवली. खाली पाहावं तर बोट जांभळं, टम्म सुजलेलं, जोडवं मांसात रुतलेलं आणि कडेनं पू!

सगुणानं कपाळावर हात मारून घेतला. "देवा, मीच झाकलं हो!"

"जोडवं कापायचं नाही!" गणपतराव ओरडले. "तात्या जिवंत आहेत अजून!"

"कापतंय कोण?" महाराज म्हणाले. त्यांनी नाम घेत कमंडलूतलं पाणी बोटावर सोडलं. आणि अहो, काय सांगावं! रुतलेलं ते जोडवं आपसूक सैल होऊन त्यांच्या तळहातावर आलं. अंबूबाईंनी लांब श्वास सोडला. आवळलेल्या मुठी उघडल्या.

"पोरी," महाराज म्हणाले, "हिचे शब्द गेलेत, दुखणं गेलेलं नाही. ते कपाळाच्या आठीत, मुठीत, लाथेत वाचायचं. बोट रोज कडुलिंबाच्या पाण्यानं धू. आठवण मात्र परत येणार नाही हो. आणि गणपतराव, हिनं एकटीनं किती ओढायचं?"

सगुणाला तो प्रश्न ऐकूही आला नाही. भिंतीला टेकल्या टेकल्या तिचा डोळा लागला होता.

भगत केव्हाच पसार झाला होता. गणपतराव महाराजांच्या पायांशी वाकले, तसे महाराज मागे सरले. "इथं नाही, तिथं." तेव्हा त्यांनी आईच्या पायांशी डोकं टेकलं आणि ढसाढसा रडू लागले.

अंबूबाईंनी त्या परक्या माणसाकडे वाकून पाहिलं. मग त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या, "रडू नको रे बाळा. कुठं दुखतंय, दाखव बघू मला."