तान्हूबाईच्या घराला लागलेलं शेपूट

विषय : तळ्याकाठच्या तान्हूबाई यांच्या घराच्या पाटीस लागलेले शेपूट काढून मिळणेबाबत.

संदर्भ : नातवंडांची तोंडी मागणी, दूध पिऊन झाल्यावर केलेली.

उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, एक होता राजा.

हसू नकोस, भालू. जन्म कचेरीत गेला की माणसाची गोष्टसुद्धा अशीच सुरू होते. पांघरूण घे नीट. रेवा, पाय आत.

तर राजा होता. राजाला इंग्रजीचं फार वेड. येत नव्हतं, म्हणून वेड जास्त. त्याने दवंडी पिटवली की नगरातल्या एकूण एक वस्तूवर तिचं इंग्रजी नाव कोरलेली पितळी पाटी लागली पाहिजे. मग लागल्या पाट्या. झाडाला लागली, विहिरीला लागली, हत्तीला लागली. हत्तीने ती सोंडेने काढून टाकली, पण माणसांना सोंड नसते. प्रधान राज्याची काळजी वाहायचा, म्हणून त्याच्या छातीवर 'केअर' अशी पाटी लागली. तो ती घालूनच जेवायचा.

एकदा काय झालं, समुद्रापलीकडून एक व्यापारी आला. त्याच्या पेटीला दोन कप्पे. एका कप्प्यात टोप्या आणि दुसऱ्यात शेपटं. माणसांची नव्हेत, बरं का. शब्दांची! टोपी शब्दाच्या पुढे बसवायची, शेपूट मागे चिकटवायचं. शब्द तोच राहतो, पण त्याचा स्वभाव फिरतो. आणि या पेटीची जादू अशी, की शब्दाचा स्वभाव फिरला की ज्याच्यावर ती पाटी असेल त्याचाही फिरतो.

राजा म्हणाला, "करून दाखव."

राणीच्या दागिन्यांच्या पेटीवर 'लॉक' अशी पाटी होती. किल्ली कधीची हरवलेली. व्यापाऱ्याने 'लॉक'च्या पुढे 'अन' ही टोपी बसवली. झालं 'अनलॉक'. खट्! झाकण उघडलं. राणी किंचाळली, कारण आत तिचे दागिने नव्हते, राजाने लपवलेले पेढे होते.

मग ताकाचा रिकामा माठ आणला. त्यावर 'फिल'. पुढे 'री' ही टोपी. झालं 'रीफिल', म्हणजे पुन्हा भर. आणि डोळ्यांदेखत माठ काठोकाठ भरला! वर लोण्याचा गोळासुद्धा आला. दरबाराने आ वासला तो मिटेचना.

मग व्यापारी प्रधानाकडे वळला. त्याच्या 'केअर'ला त्याने मागून 'लेस' हे शेपूट लावलं. 'लेस' म्हणजे नसलेला. झाला प्रधान 'केअरलेस'. त्याने सिंहासनाच्या पायरीवर तंगड्या पसरल्या, पगडी काढली आणि तिला नाक पुसलं. अगं बाई! राजासमोर! व्यापाऱ्याने घाईघाईने खिशातून एक चिमटा काढला, 'लेस' उपटलं आणि तिथे 'फुल' लावलं. 'फुल' म्हणजे भरलेला. मग प्रधान इतका 'केअरफुल' झाला की घरी जाताना एकेक फरशी काठीने ठोकून बघत गेला.

राजाने पेटी तिथल्या तिथे विकत घेतली. व्यापारी म्हणाला, "महाराज, चिमटाही घ्या. चुकीचं लागलं तर काढायला लागेल."

तेव्हा बाबाजीपंत पुढे झाले. बाबाजीपंत म्हणजे राजाचे शिरस्तेदार, नव्या शब्दजोडणी खात्याचे मुख्य. ते म्हणाले, "आपल्या खात्याचं नाव शब्दजोडणी. चिमटा जोडतो का? नाही. तो काढतो. आमच्या खात्यात तो बसत नाही."

"अहो, पण चूक झाली तर?" व्यापारी म्हणाला.

"खात्याची चूक होत नाही. झालीच तर पुढे आणखी काहीतरी जोडून ती दुरुस्त करता येते. तशीच पद्धत आहे."

 मग व्यापारी चिमटा घेऊन जहाजात बसला आणि गेला. पुन्हा काही तो त्या किनाऱ्याला लागला नाही.

आता इकडे काय झालं? राजाने हुकूम काढला की माझ्या नगरात एकही शब्द बोडका राहता कामा नये. प्रत्येकाला टोपी नाहीतर शेपूट मिळालंच पाहिजे. बाबाजीपंत तबक घेऊन निघाले. वाड्यातल्या मंडळींना आधी. त्यांनी चांगली चांगली उचलली. 'फुल' तर सगळं राणीच्या माहेरच्यांनीच संपवलं. कुणी 'जॉयफुल' झालं, कुणी 'पॉवरफुल' झालं. राणीच्या महालावर 'हॅपी' होतं, त्याला 'नेस' लावून 'हॅपीनेस' केलं. करत करत बाबाजीपंत तळ्याकाठी आले, तेव्हा तबकात उरलं होतं एकच. 'लेस'.

तळ्याकाठी तान्हूबाई राहायची. गोधड्या शिवायची. तिची लेक गोदू सासरी होती. सातवा संपत आलेला, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी यायची होती. पहिलं बाळंतपण माहेरीच, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुझी आईपण माझ्याकडेच आली होती, रेवा. तान्हूबाईने घर कसं केलं होतं म्हणून सांगू! जमीन सारवलेली. आढ्याला पाळणा. पाळण्यात जुन्या लुगड्यांची मऊ गोधडी. डबाभर डिंकाचे लाडू. आणि दारावर सरकारी पाटी, 'होम'.

बाबाजीपंत शिडीवर चढले. तान्हूबाई खाली उभी, हातात झारा.

"पंत, हे काय लावताय हो?"

"क्रमाने जे येईल ते. तुमच्या वाट्याला 'लेस' आलंय."

"त्याने काय होतं?"

"लावल्यावर कळेल. आम्ही आधी सांगत नाही. लोक हरकती घेतात."

आणि त्यांनी ते चिकटवलं.

घर गेलं.

पडलं नाही, जळलं नाही. नुसतं गेलं! भिंती गेल्या, छप्पर गेलं, पाळणा गेला, लाडवांचा डबा गेला. पाटी तेवढी हवेत लटकत होती, खिळ्यासकट. तिच्यावर 'होमलेस'. शिडी ज्या भिंतीला टेकली होती ती भिंतच गेल्यामुळे बाबाजीपंत धपकन खाली आले. तान्हूबाई झारा हातात घेऊन उघड्यावर उभी. मागे वळून बघते तर अंगणातली तुळस मात्र जागच्या जागी. का? तर तुळशीला पाटी नव्हती. ती लावायची राहून गेली होती.

आपणही असं करतो हं. 'घर'ला पुढून 'बे' ही टोपी घातली की 'बेघर'. आपण पुढून घालतो, ते मागून लावतात. घर जायचं ते दोन्हीकडून जातंच.

मग तान्हूबाई कचेरीत गेली. "पंत, ते शेपूट काढा. माझी गोदू मंगळवारी येतेय."

बाबाजीपंत कंबर चोळत म्हणाले, "आम्ही जागेची पाहणी केली. तिथे घर आढळून आलं नाही. जे घर नाही त्याची तक्रार कशी घेणार?"

"अहो, तेच तर सांगतेय! घर नाही!"

"मग तुमचं आणि आमचं म्हणणं एकच झालं की. वाद कुठे आहे?"

तान्हूबाई त्यांच्या टेबलासमोर फतकल मारून बसली. "मी इथून हलणार नाही. लेक येऊन कुठे टेकेल? तुमच्या डोक्यावर?"

बाबाजीपंतांनी डोक्याला हात लावून बघितला. मग म्हणाले, "हे बघा बाई, काढायची आपल्याकडे पद्धत नाही. चिमटाही नाही. तुम्ही काढण्यासाठी अर्ज देऊन ठेवा. तोवर मी पुढे एक चांगलंसं शेपूट लावून दुरुस्ती करतो."

अर्ज दिला. आवक झाला. शिक्का बसला. मग बाबाजीपंतांनी विचार केला की चांगलं शेपूट कोणतं? राणीच्या महालाला 'नेस' लावलंय, तिथून काही तक्रार नाही. सगळे हसतायत. पेटीत तसलंच आणखी एक आहे, मग हेच लावू.

आता हे 'नेस' काय प्रकरण आहे ते ऐका. 'हॅपी' म्हणजे कुणीतरी एक जण खूश. 'हॅपीनेस' म्हणजे ती खुशी त्याच्या अंगातून निघाली आणि मोकळी झाली. मग ती एकाची राहत नाही, धुक्यासारखी सगळीकडे पसरते. खुशी पसरली तर बरंच आहे. पण इथे काय मोकळं सुटणार होतं, याचा विचार करायचं टिपण कुणी ठेवलंच नव्हतं.

बाबाजीपंतांनी लटकत्या पाटीला 'नेस' लावलं. झालं 'होमलेसनेस'.

आणि मग, बाळांनो, नगरातली सगळी घरं गेली! सोनाराचं गेलं, कासाराचं गेलं, बाबाजीपंतांचं गेलं, कचेरी गेली. लोक जसे होते तसे उघड्यावर. कुणी ताटावर बसलेलं, कुणी नाकात तपकीर घेतलेली. राजवाडा गेला तेव्हा राजा आंघोळ करत होता. डोक्याला शिकेकाई, हातात लोटा, अंगावर पंचा, आणि समोर भर चौकात भाजीवाल्या! भाजीवाल्यांनी डोळे झाकले. बोटांच्या फटी ठेवून. प्रधान तेवढा सुरक्षित होता, तो अजून रस्त्यातच फरशा ठोकत होता.

राजा ओरडला, "बाबाजीपंत! हे काय?"

"काम चालू आहे, महाराज."

तेवढ्यात तळ्याकाठी बैलगाडी येऊन थांबली. गोदू उतरली. पोटावर हात धरून ती त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली.

"आई, आपलं घर कुठंय?"

काय सांगणार तान्हूबाई? ती म्हणाली, "आहे गं. कचेरीत आहे." आणि पदराने डोळे पुसले. गाडीच्या हिसक्यांनी गोदूला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. ती तुळशीला धरून खाली बसली.

मग तान्हूबाई उठली. ती पळत गेली आणि तिने राजाचा पंचा धरला. हो, पंचा! राजाने घाबरून दोन्ही हातांनी तो आवळला. ती म्हणाली, "महाराज, माझी लेक उघड्यावर बाळंत होणार नाही. काय ते आत्ता करा!"

राजा म्हणाला, "पंत, मागून पुष्कळ झालं! आता पुढून काहीतरी लावा!"

बाबाजीपंतांनी बगलेतली पेटी उपडी केली. तळाशी एक मोठी टोपी होती, 'अँटी'. 'अँटी' म्हणजे विरुद्ध. बाबाजीपंतांचा चेहरा उजळला. "घर नसण्याच्या विरुद्ध म्हणजे घर असणंच की!" सगळ्यांना ते पटलं. कुणालाही पटलं असतं.

त्यांनी तळ्याकाठी धावत जाऊन पाटीला टोपी बसवली. झालं 'अँटीहोमलेसनेस'.

जमीन हादरली. धडाड् धूम! लोकांनी डोळे मिटले. उघडून बघतात तर घरं नाहीतच. राजवाड्याच्या जागी एक कचेरी उभी! आणि केवढी! मजल्यावर मजले, लांबच लांब व्हरांडे, खिडक्या, बाकं, साखळीने बांधलेला पाण्याचा पेला. तान्हूबाईची पाटी तळ्यावरून उडत आली आणि त्या दारावर बसली. घर नसण्याच्या विरुद्ध घर उभं राहत नाही, बाळांनो. खातं उभं राहतं.

 गोदू कळवळली तेव्हा लोक भानावर आले. सगळ्यांनी तिला उचलून आत नेलं. आवकजावकच्या टेबलावर सतरंजी टाकली, राणीने स्वतः पाणी तापवलं, आणि तिथेच गोदू मोकळी झाली. मुलगी झाली. तिचं पहिलं रडणं ऐकून बाबाजीपंतांनी सवयीने शिक्का उचलला. तान्हूबाईने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी तो खाली ठेवला.

मग सगळं नगर तिथेच राहायला आलं. ज्याला जी खोली मिळाली ती. सोनार हिशेबनिसाच्या खोलीत, कासार दप्तरखान्यात. राजाला कोपऱ्यातली खोली मिळाली, दारावर पडदा आणि वाजवायला घंटी. तो म्हणाला, राजवाड्यात एवढं सुख नव्हतं. व्हरांड्यात पापड वाळू लागले. प्रधान तिसऱ्या मजल्याच्या फरशा ठोकतोय, वरचे अजून बाकी आहेत. सगळे सुखाने नांदू लागले.

बारशाच्या दिवशी बाबाजीपंत छोटीशी पितळी पाटी घेऊन आले, बाळाच्या मनगटाला बांधायला. तान्हूबाईने बाळाचा हात गोधडीत घेतला. म्हणाली, "हिला पाटी नाही."

"पण नियम आहे, बाई. पाटी नाही तर पुढे काही जोडता कसं येणार?"

"म्हणूनच," तान्हूबाई म्हणाली. "माझ्या तुळशीला नव्हती. ती राहिली."

  बाबाजीपंत पाटी घेऊन परत गेले. पोरगी आता रेवाएवढी झालीय. व्हरांड्यातून पळत असते. तिला अजून कुणी काही लावू शकलेलं नाही.

काय म्हणालास, भालू? ती टोपी आणि ती दोन्ही शेपटं काढली तर सगळ्यांचीच घरं परत येतील? येतील की. तान्हूबाईनेही तेच सांगितलं. पण तसं केलं तर कचेरी जाईल. आणि कचेरी गेली तर अर्जावर निर्णय कोण देणार? बाबाजीपंतांनी तसा शेरा मारलाय.

तान्हूबाई रोज संध्याकाळी नातीला घेऊन तळ्याकाठी जाते. तुळशीपाशी दिवा लावते आणि ती मोकळी जागा झाडून काढते. घर अचानक परत आलं तर धुळीत यायला नको, म्हणून.

तिचा अर्ज प्रलंबित आहे. चिमट्याबाबत विचार चालू आहे.

दिवा घालवते. डोळे मिटा आता.