शेटजींचा होकार

एकदा एक व्यापारी मानेवरची लिंबाएवढी गाठ उपरण्याने झाकून एका वृद्ध शल्यवैद्यांकडे आला. बाजारात तासभर घासाघीस केल्याशिवाय पोत्याला हात न लावणारा हा गृहस्थ. वैद्यांपुढे मात्र त्याच्या तोंडाला कोरड पडली होती.

वैद्यांनी गाठ चाचपली. "शेटजी, जखमेतून रक्त थांबेना, असं पूर्वी कधी झालं होतं का?"

"छे, छे!"

"मग ही गाठ कापावी लागेल. रक्त जाईल. आवाज थोडा बसण्याचाही संभव आहे."

"तुम्ही म्हणाल तसं, वैद्यराज."

शिष्याने पाणी उकळून शस्त्रे मांडली. वैद्य त्याच शांत सुरात म्हणाले, "आणि गाठीबरोबर दोन्ही कानही काढावे लागतील."

"तुम्ही म्हणाल तसं," व्यापाऱ्याने मान डोलावली.

वैद्यांनी उचललेले शस्त्र पुन्हा पेटीत ठेवून दिले.

शिष्य गोंधळला. "गुरुजी, यांचा तर होकार आहे!"

"तो भीतीचा होकार आहे, बाळ. यांनी माझं बोलणं ऐकलेलंच नाही." मग ते व्यापाऱ्याशेजारी जमिनीवर बसले. "शेटजी, मी काय काय करणार म्हणालो, ते जरा मला सांगा पाहू."

व्यापाऱ्याने उपरणे मानेभोवती घट्ट ओढून घेतले. "‘कापावी लागेल’ म्हणालात, त्यापुढचं काही ऐकूच आलं नाही हो! माझा थोरला भाऊ असाच गेला. साधं गळू फोडलं, पण रक्त थांबेना. माझी दाढ काढली तेव्हा मीही दोन दिवस रक्त थुंकत होतो."

शिष्याच्या अंगावर काटा आला. "मग मघाशी ‘छे’ का म्हणालात?"

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही हात लावला नसता. मग मी जायचं कुठे?"

व्यापाऱ्याचा जीव थोडक्यात वाचला, हे वैद्यांनाही जाणवले. ते म्हणाले, "शेटजी, शस्त्र माझ्या हाती असलं तरी तुमच्या देहाची हकीकत तुम्हालाच ठाऊक. ती लपवलीत, तर मी आंधळेपणानेच कापणार. आणि धोका सांगतो तो तुम्हाला घाबरवायला नव्हे, तो पत्करायचा की नाही हे तुम्हाला ठरवता यावं म्हणून. घाबरा, खुशाल घाबरा. पण ‘मी घाबरलोय, पुन्हा सांगा’ असं म्हणा."

मग व्यापाऱ्याने पहिला प्रश्न विचारला, "आणि नाहीच कापली तर?"

"कदाचित वाढेल. तूर्त महिनाभर लेप लावून पाहू. धोका त्यातही आहे, तोही ऐकून घ्या."

व्यापाऱ्याची भीती गेली नव्हती, पण आता तो पुढे सरकून ऐकत होता.

आपण तरी काय वेगळे करतो? डॉक्टरांपुढे ‘हो, हो’ म्हणतो आणि दवाखान्याचा जिना उतरताना बायकोला विचारतो, "ते नेमकं काय म्हणाले गं?" अशा वेळी लाज न बाळगता जिना पुन्हा चढावा.