पडलेली कामटी

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी एका कड्याच्या पायथ्याशी पाथरवटांचं गाव होतं. कड्याच्या माथ्यावर एक भेग होती. तिच्यात बांबूची कामटी अलगद बसवायची आणि पावसाळाभर एका म्हातारीनं ती रोज पाहून यायची, अशी गावाची रीत. भेग रुंदावली की कामटी निसटून पडे. कामटी पडली की दसऱ्यापर्यंत सारं गाव नदीपलीकडच्या माळावर राहायला जाई.

त्या वर्षी पाटलानं कड्याखाली नवं दुमजली घर बांधलं होतं. म्हातारीची लेक त्याच घरची सून, आणि तिचे दिवस भरत आले होते.

आषाढात कामटी पडली. म्हातारी धापा टाकत चावडीवर आली.

पाटील वैतागला. "दरसाल काय ही कटकट! नवं घर सोडून चिखलात राहायला जाऊ होय? कामटी पडते ना? मग अशी ठोका की पडणारच नाही!"

माणसांनी वर जाऊन भेगेत बाभळीची जाडजूड पाचर घणानं ठोकली. काळजी मिटली म्हणत गाव जेवायला बसलं.

म्हातारीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती चौकात कडाडली, "अरे, पाथरवट ना तुम्ही? जन्मभर खडक कसा फोडलात? लाकडाची पाचर ठोकून वर पाणीच ओतलंत ना? ती फुगते नि खडक दुभंगतो, हे मी शिकवू तुम्हाला? अक्कल काय पाटलाकडे गहाण टाकलीत?"

माना खाली गेल्या, पण हललं कुणी नाही. अहो, कळत सगळ्यांना होतं! पाटलापुढे बोलायचं कुणी, एवढंच अडलं होतं.

म्हातारी थेट पाटलाच्या घरात शिरली.

"सून बाहेर गेली तर पुन्हा उंबरा ओलांडू देणार नाही!" पाटील ओरडला.

"उंबरा राहिला तर ना!" म्हणत तिनं लेकीचा हात धरला. ते पाहून बायका पोरं काखोटीला मारून निघाल्या, मागोमाग पुरुषही गेले.

तीन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी पाटीलही गुपचूप माळावर आला. घर राखायला मात्र त्यानं दोन गडी मागे ठेवले.

चौथ्या सकाळी कडा कोसळला. माळावर म्हातारीची नात सुखरूप जन्मली. ते दोन गडी काही परत आले नाहीत.

पाटलाच्या घरावर पडलेल्या शिळेत ती पाचर तशीच घट्ट रुतली होती. म्हातारीनं पाटलाला दंडाला धरून तिथं उभं केलं. "बघा पाटील, पाचर पडली नाही. जा, त्या दोघांच्या बायकांना सांगा."

तात्पर्य: धोक्याची खूण दाबली म्हणून धोका टळत नाही, आणि त्यात जीव जातो तो बहुधा दुसऱ्याचा.